माझ्या नावाचे शेअर

माझं नाव लागतं, असं आमच्या आळीत एकदा ठरूनच गेलं. म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगायला हवं. तेव्हा एखादी नवी कंपनी शेअर विकायला काढायची तेव्हा तिचे छापील फॉर्म एजंटाच्या दुकानात फुकट मिळायचे, रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यांनी. फॉर्म भरायचा, चेक जोडायचा, बँकेच्या खिडकीशी रांग धरायची आणि घरी येऊन पोस्टमनची वाट बघत बसायचं. मागणी फार झाली की सोडत निघायची. ज्याला शेअर लागले त्याला जाड लिफाफा यायचा आणि न लागलेल्याला परतीच्या पैशाचा पातळ. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, घरातल्या सगळ्यांच्या नावे फॉर्म भरत. स्वतःच्या, आईच्या, मेढ्याकडे गावी राहणाऱ्या काकांच्या आणि माझ्या. बाकी सगळ्यांना पातळ लिफाफे येत. जाड लिफाफा आला की त्यावर हटकून लिहिलेलं असायचं, कुमारी विजया जगन्नाथ साळुंखे. दोनदा-तीनदा असं झालं आणि आप्पांनी निकाल देऊन टाकला. "विजू, तुजं नाव लागतंय बघ. आता फारम तुज्याच नावाचा." मग घरमालकीणबाई त्यांचे फॉर्म माझ्याकडून भरून घ्यायला लागल्या. मग शेजारचे कंडक्टर. एक म्हातारे गृहस्थ तर भरलेला फॉर्म नुसता माझ्या हातात ठेवायचे, क्षणभर, आणि परत घ्यायचे. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, स्वतःला फार शहाणी समजत होते आणि या सगळ्याला हसतही होते. पण हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

सातारला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आप्पा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले होते आणि त्यांच्याबरोबर काळी लोखंडी पेटी, पितळी मग आणि पहाटे उठायची सवय एवढं आलं होतं. उठल्याबरोबर ते ट्रान्झिस्टर लावत, त्याच्या खरखरीत दाढी करत आणि दाढी झाली की अंथरुणातल्या मला "चलो, खडे हो जाव" म्हणून हाक मारत. तोवर स्वयंपाकघरातून आईचा भाकरी थापण्याचा आवाज सुरू झालेला असे. आमच्याकडे घेवड्याची आमटी फार व्हायची. वाटलेला लसूण, खोबरं, वर तेलाचा तवंग, आणि आप्पा ती मगातून चहासारखी प्यायचे. आईचा या शेअरच्या प्रकरणावर काडीचा विश्वास नव्हता. पोस्टमन जाड लिफाफा देऊन गेला की ती पदराला हात पुसत यायची, सर्टिफिकेट उलटसुलट बघायची आणि म्हणायची, "आवं, आनी ह्यो कागुद काय भाजून खायाचा?" आप्पा हसायचे. पेटीत, फौजेतल्या कागदांच्या वर, ते सर्टिफिकेट सपाट ठेवून देत आणि कुलूप लावत.

माझी दुपार पोवई नाक्याजवळ कुलकर्णीकाकांच्या दुकानात जायची. ते शेअरचे एजंट. दुकान म्हणजे एक जिना, जिन्याखाली टेबल, टेबलावर फोन. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला फॉर्म भरायला ठेवलं आणि बघता बघता मी तिथली सगळी कामं शिकले. कंपनीचा ताळेबंद कसा वाचायचा, नफा फुगवलेला असेल तर तो कुठे फुगवलेला असतो, शेअर विकताना ट्रान्सफर फॉर्मवर सही कुठे करायची, हे मला काकांनी शिकवलं. सहीच्या बाबतीत ते फार कडक. अर्जावर जशी सही केली तशीच्या तशी विकताना आली पाहिजे, नाहीतर कंपनी कागद परत पाठवते, हे ते प्रत्येक गिऱ्हाईकाला बजावत. मला ते सगळं मनापासून आवडायचं. कॉलेजात जे पुस्तकात होतं ते इथे फोनवर ओरडत होतं. एखादा भाव चढेल असं मला वाटावं आणि तो चढावा, यातला आनंद मी त्याआधी कशातच अनुभवला नव्हता. काकांची गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, "काय साळुंखेबाई, हे घ्यावं का?" बाई! एकविशी उलटली नव्हती माझी. मी लेखणी कानाला लावून, जमेल तेवढा गंभीर चेहरा करून उत्तर द्यायची.

या सगळ्याच्या मागे आप्पांची एक इच्छा होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. त्यांना स्वतःचं घर हवं होतं. गावाकडच्या घरात भावांचे संसार मावत नव्हते, आणि आप्पांचा सगळा जन्म बराकीत, तंबूत आणि मग भाड्याच्या खोल्यांत गेलेला. शाहूपुरीच्या पलीकडे, चढावर, एका निवृत्त गुरुजींचा प्लॉट होता. गुरुजींना तो विकायचा होता, घाई नव्हती. रविवारी आप्पा आम्हाला तिकडे घेऊन जात. आई भाकरी, खर्डा आणि दही बांधून घ्यायची. समोर अजिंक्यतारा, खाली गाव, आणि त्या मोकळ्या जमिनीवर आम्ही तिघं जेवायला बसलेलो. जेवण झालं की आप्पा चुना घेऊन रेघा मारत. हे स्वयंपाकघर, ही विजूची खोली. आई बसल्या जागेवरून हुकूम सोडायची, "खिडकी हिकडं नगं. वारं येतंय. चूल इझल." "चूल कशाला, ग्यास घिऊ की!" आप्पा म्हणत आणि खिडकीची रेघ पायाने पुसून दुसरीकडे ओढत. शेअरच्या कागदांना नावं ठेवणारी आई त्या रेघांच्या आत मात्र चप्पल काढून जायची.

मग ती द्राक्षवाली कंपनी आली. तिचं नाव मी इथे घेत नाही, आम्हीही तिला द्राक्षवालीच म्हणायचो. तासगावकडची द्राक्षं थंड गोदामात ठेवून परदेशी पाठवणार, असा तिचा धंदा. बाकीच्या कंपन्या कुठल्या तरी गुजरातेतल्या नाहीतर आंध्रातल्या असायच्या, ही मात्र आपल्याकडची. तिच्या पुस्तिकेवर खोक्यात भरलेल्या द्राक्षांचा असा सुंदर फोटो होता की आईनेसुद्धा तो हातात धरून पाहिला. आप्पांनी पेन्शनचा जेवढा भाग विकता येत होता तेवढा विकला होता, ते पैसे बँकेत होते. ते सगळे त्यांनी एकाच अर्जात घालायचे ठरवले, आणि अर्ज अर्थात माझ्या नावाचा. कुलकर्णीकाका दुकानात त्यांना म्हणाले, "हवालदार, मुलगी लग्नाची आहे. उद्या तिचं नाव बदलेल. एवढी रक्कम तुमच्या स्वतःच्या नावावर घाला, नाहीतर निदान दोघांच्या." आप्पांनी हात झटकला. "माज्या नावाव लागत न्हाई वो काका. आनी नाव बदललं तरी पोरगी तीच ऱ्हाती की!" मी शेजारीच बसले होते. मला आप्पांचं बोलणं पटलं. काका म्हणाले त्यात मला तेव्हा काहीच दिसलं नाही. मी अर्ज भरला आणि त्या दिवसांत करायची तशी झोकात सही केली, विजयाच्या वेलांटीला सबंध नावावरून छत्रीसारखी ओढून नेणारी.

शेअर लागले. बाजारात आल्या आल्या भाव दुपटीच्या वर गेला. आप्पांनी आळीत कंदी पेढे वाटले आणि घरमालकीणबाईंनी माझी दृष्ट काढली. त्याच गडबडीत माझं लग्न ठरलं. स्थळ सांगलीचं, मुलगा पाटबंधारे खात्यात नोकरीला, सासरे हळदीच्या पेढीवर दिवाणजी. साखरपुड्यात, सुपारीत, बस्ता बांधताना कुणी शेअरचा विषय काढला नाही. आप्पांनी मला एवढंच सांगितलं होतं की ते कागद प्लॉटसाठी आहेत, भाव अजून चढू दे, गुरुजींशी बोलणं पक्कं झालं की विकू. लग्न लागलं आणि सांगलीच्या घरी सूनमुख झाल्यावर माझ्यापुढे तांदळाचं ताट आलं. नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. नवरा माधव, म्हणून मी माधवी. त्याच्याच नावाला एक वेलांटी लावली आणि मला दिली, झालं बारसं! बायका हसल्या, मीही हसले. आमच्याकडे सगळ्यांचंच बदलत होतं. माझी आई माहेरची कोंडाबाई होती, हे मला तिच्या भावाच्या तोंडून कळलं होतं. नाव जातंय म्हणून मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. नवं लुगडं नेसल्यासारखं ते वाटलं, इतकंच.

सांगलीच्या घरात सगळ्याला हळदीचा वास होता. मामंजींच्या धोतराच्या काठात, त्यांच्या चष्म्याच्या घरात, पैशांच्या पाकिटातसुद्धा हळद. मामंजी म्हणजे माझे सासरे, शांत माणूस. सकाळी ते वर्तमानपत्रातलं हळदीच्या भावाचं पान वाचत आणि मी उभ्या उभ्या, चहा देताना, त्याच्यामागचं शेअरचं पान वाचायची. एके दिवशी त्यांनी ते पानच काढून माझ्या हातात दिलं. "बस खाली. हुबं ऱ्हाऊन वाचलं तर भाव वाढतोय व्हय?" तिथून आमची गट्टी जमली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, यांना ते फारसं रुचत नव्हतं, पण त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या मला तासतासभर हाका मारत. माधवी, मीठ आण. माधवी, दार लाव. नव्या सुनेच्या अंगात नाव मुरावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि खरोखरच ते मुरलं. बँकेत खातं, रेशनकार्ड, मतदारयादी, सगळीकडे माधवी माधव पवार. वर्षभरात कुणी मागून विजया म्हटलं असतं तर मी वळले नसते.

आप्पांनी दसऱ्याला गुरुजींना इसार दिला. उरलेले पैसे गुढीपाडव्यापर्यंत द्यायचे, असं ठरलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कार्तिकात, आम्ही एका साखरपुड्याला तासगावला गेलो. माझ्या नवऱ्याचे मामा तिथले बागायतदार, बेदाण्याचं शेड असलेले. बागांची छाटणी होऊन गेली होती, नवी पालवी नुकती धरत होती, शेड रिकामं होतं. जेवणं झाल्यावर मी मामांना सहज विचारलं, द्राक्षवाल्या कंपनीचं थंड गोदाम इथंच कुठेतरी आहे ना. मामा मोठ्यांदा हसले. "त्ये व्हय? चल, दावतो." जीपमधून आम्ही गेलो. माळावर एक कमान होती, कमानीवर कंपनीचं नाव. आत तारेचं कुंपण, गुडघाभर गवत, आणि गवतात पायाचे दोन-चार दगड. गोदाम नव्हतं. यंत्र नव्हतं. "फोटू काढाया आलती मंडळी," मामा म्हणाले. "द्राक्षं माज्याच बागंतली. खोक्यात भरली, फोटू काढला, आनी म्हनली, मामा, खोकी ऱ्हाऊ द्या, द्राक्षं न्हेवा माघारी. मी आपली न्हेली." मी कमानीखाली उभी राहिले. मामा अजून हसत होते. त्यांना बिचाऱ्यांना माझ्या बापाची पेन्शन त्या गवतात पडली आहे हे कुठून ठाऊक असणार.

भाव मात्र त्या दिवशीही चांगलाच होता, हे मी सकाळी पानावर वाचलेलं होतं. अजून कुणाला कळलेलं नव्हतं. त्या माहितीची धडकी आणि त्याच माहितीचा एक चोरटा आनंद, दोन्ही मला आठवतं. मी सांगलीला उतरल्या उतरल्या एस.टी.डी. बूथवरून सातारच्या घरमालकांकडे फोन लावला. "आप्पा, विका. सगळे विका. तिथं काहीच नाही, मी डोळ्यांनी बघून आलेय." पलीकडे आप्पांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. "उद्याच्या गाडीनं येतो," एवढंच म्हणाले. पेटीतले कागद पिशवीत, पिशवी छातीशी धरून, कराड-इस्लामपूर करत ते आले. मधल्या घरात त्यांनी ट्रान्सफर फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि मी पेन उघडलं.

माझ्या हाताने मा काढला.

मी थबकले, खोडलं. आप्पांनी दुसरा कोरा फॉर्म पुढे केला. तेवढ्यात आत्याबाई आतून आल्या. "काय लिवतीस गं?" मी सांगितलं, शेअर विकायचेत, जुन्या नावाची सही करायची आहे. त्यांचा चेहरा उतरला. "आवं पावनं, पोरगी दिलीसा न्हवं आमाला? मग त्ये नाव आता कशाला उकरून काडताय? सवाशीण बाईनं असलं लिवू न्हाई. माज्या लेकाच्या घरात बसून तर न्हाईच न्हाई." आप्पा उठून उभे राहिले, साहेबापुढे उभं राहावं तसे. "न्हाई वो आक्का, फकस्त कागदापुरतं हाय." त्यांना तसं उभं पाहून मला आत्याबाईंचा इतका राग आला की पेन धरलेली बोटं दुखायला लागली. मामंजी पेढीवर निघाले होते, ते उंबऱ्यातून म्हणाले, "लिवू दे गं तिला. येका सहीनं लगीन मोडत असतंय व्हय?" आत्याबाई तिथून हलल्या नाहीत. त्यांच्या समोर मी एकेक अक्षर जपून विजया लिहिलं. शाळेतलं पोर पाटीवर गिरवतं तसं ते दिसत होतं. वेलांटी मी ओढली खरी, पण ती मधेच थांबली. मला कळत होतं की ही ती सही नव्हे.

सौदा मोठा होता म्हणून मुंबईच्या दलालाने आधी कंपनीकडून सही ताडून आणायची अट घातली. कागद गेले आणि पौषात परत आले. सही जुळत नाही. कुलकर्णीकाकांनी आप्पांना फोनवर सांगितलं आणि आप्पांनी मला. आता सही करायची ती बँकेच्या मॅनेजरसमोर, त्याच्या शिक्क्यानिशी. मी आमच्या सांगलीच्या बँकेत गेले. मॅनेजर सभ्य माणूस. म्हणाले, "मी माधवी पवारांना ओळखतो. विजया साळुंखे कोण, हे मला कसं माहीत? तुम्ही सांगता म्हणून शिक्का मारू का?" त्यांचं बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, हेच त्यातलं भयंकर. सातारच्या बँकेत आप्पांचं खातं होतं, माझं कधी नव्हतंच. मग वकिलांनी मार्ग सांगितला. प्रतिज्ञापत्र करायचं, लग्नाचा पुरावा जोडायचा, नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून आणायचं, ते कंपनीला पाठवून शेअर माधवीच्या नावावर करून घ्यायचे आणि मग माधवीने विकायचे. लग्नाची नोंदणी आम्ही केलेली नव्हती, तेव्हा फारसं कुणी करत नसे. पुरावा म्हणून लग्नपत्रिका चालेल म्हणाले. आईने देव्हाऱ्याखालून शेवटची उरलेली पत्रिका काढून दिली, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. आप्पा सांगत होते, ती देताना आईने ती आधी कपाळाला लावली.

दरम्यान मी दुपारी, घर झोपलेलं असताना, जुनी सही काढून बघायची. पेढीवरचे रद्दी कागद घ्यायची आणि पान भरभरून विजया लिहायची. आत्याबाईंना कळू नये म्हणून नंतर ते चुलीत घालायची. कधी ती सही जवळ यायची, पण तिच्यातला झोक येईना. ज्या मुलीने ती केली होती तिला कुणी अडवलेलं नव्हतं, तिच्याकडे लोक भाव विचारायला येत होते. मी आता पदर सावरून, एक कान दाराकडे ठेवून लिहीत होते. आपलं स्वतःचं नाव आपल्यालाच येत नाही, म्हणून मी त्या स्वयंपाकघरात तोंडात पदराचा बोळा घालून रडले आहे. माझा मुलगा आज म्हणतो, आई, तू शेअर लगेच का विकून टाकतेस, जरा थांब की. आता सगळं मोबाइलवर आहे, सही लागत नाही, बोट टेकवलं की विकलं. त्याला मी एवढंच सांगते की विकता येतंय तोवर विकावं. बाकीचं सांगत बसत नाही.

रोज सकाळी मामंजी पान काढून द्यायचे. आधी भाव थोडा उतरला. मग कुणीतरी माझ्यासारखंच तासगावला जाऊन आलं असावं, कारण तो एकदम कोसळला. मामंजी पान देताना माझ्याकडे बघेनासे झाले. माघात भावाच्या जागी नुसती रेघ यायला लागली, म्हणजे त्या दिवशी कुणी घेणारच नव्हतं. राजपत्र छापून आलं तोवर पानावर कंपनीचं नावच नव्हतं. आप्पांनी तरीही सगळे कागद रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. लिफाफा जसाच्या तसा परत आला, कार्यालय बंद असा शेरा घेऊन. पोस्टमनने तो आणून दिला तेव्हा आई दारातच बसली होती. जाड लिफाफा बघून तिला वाटलं, काम झालं. तिने आप्पांना आनंदाने हाक मारली. हे तिनेच मला पुढे सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली.

पाडव्याला गुरुजी इसाराचे पैसे परत करायला स्वतः घरी आले. ठेवून घेतले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं, पण ते भले गृहस्थ होते. आप्पांनी पैसे घेतले, त्यांना चहा दिला आणि चढावरच्या प्लॉटवर आता कोण बांधणार आहे याची चौकशी केली. आई त्यांच्यावर चिडायची, रात्रंदिवस. "सोताच्या नावाव का न्हाई टाकलं? आँ? पोरीचं नाव असतंय व्हय कधी?" आप्पा मला कधीही काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते, काका म्हणाले तेव्हा तुम्हीच हात झटकलात म्हणून ओरडले असते. मला भांडायचं होतं. पण भांडणार कुणाशी, ते तर एका बँकेच्या दारात वॉचमन म्हणून उभे राहायला लागले होते. निवृत्तीनंतर पुन्हा वर्दी अंगावर चढली. सातारला गेले की मी त्या रस्त्याने जायचं टाळायची.

उन्हाळ्याच्या अखेरीस ते सांगलीला आले. मी मागच्या अंगणात हळदीचं वाळवण हलवत होते. पुढच्या दारातून कुणीतरी हाक मारली, "माधवी हाय का घरात?" कुणी पुरुष होता. मला वाटलं पेढीवरचा माणूस असेल, मामंजींचा निरोप घेऊन आलेला. मी हात झटकत, सावकाश, बाहेर आले. दारात आप्पा उभे होते. हातात घेवड्याची पिशवी, पायात फौजी बूट. मला आवाज ओळखू आला नव्हता. तोवर त्यांनी मला कधी त्या नावाने हाक मारलीच नव्हती. लग्नानंतर इतक्या वेळा आले, आत्याबाईंसमोरसुद्धा ते विजू म्हणत, आणि आत्याबाई तेवढ्यापुरत्या ऐकलं नाही असं दाखवत.

"आप्पा, हे काय?" मी हळूच विचारलं. आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. आप्पांनी पिशवी त्यांच्याकडे दिली, रामराम घातला. मग माझ्याकडे न बघता, बुटाच्या नाड्या सोडत म्हणाले, "सवय करतुया. दोन नावं ठिवली की घोळ हुतोय. तुला पुढं कुटं अडाया नगं." आत्याबाईंना फार बरं वाटलं. त्यांनी त्या दिवशी पुरण घातलं आणि आप्पांना आग्रह करकरून वाढलं, आणि आप्पा मान खाली घालून जेवले. "माधवी, थोडं पानी दे," असं ते मधे एकदा म्हणाले. मी पाणी दिलं.

त्यानंतरही ते पुष्कळ वर्षं होते, सातारच्या त्याच दोन खोल्यांत. शेवटी शेवटी त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. आईला ते पलटणीतल्या कुणा दोस्ताच्या नावाने हाक मारायचे, डॉक्टरांना साहेब म्हणून सलाम ठोकायचे. मी पंधरा दिवस उशाशी बसून होते. मला वाटत होतं, आता तरी चुकून त्यांच्या तोंडून ते नाव निघेल, बाकी सगळं विसरलेत तर हेही विसरतील की ते घ्यायचं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारायची, आप्पा, मी कोण? ते बराच वेळ माझ्याकडे बघायचे, आठवून आठवून, आणि न चुकता म्हणायचे, "माधवी."